येशूच्या डोक्यावरची चुंबळ

मी पोथी बोलतेय. माझं नाव विचारू नका, नावाचं पान फार वर्षांपूर्वी फाटलंय. खरं म्हणजे मी छापील पुस्तक, पुठ्ठ्याच्या बांधणीचं, चांगलं जाडजूड. पण सध्या ज्या घरात राहते तिथं मला सगळे ‘चितरांची पोथी’ म्हणतात. जो सांभाळतो त्यानं नाव ठेवावं, म्हणून मी पोथी.

माझ्यात काय आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. येशूची, त्याच्या आईची मरियेची, संतांची, देशोदेशीच्या चित्रकारांनी काढलेली चित्रं माझ्यात आहेत. डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर चित्र. मजकूर लिहिला वसईकडच्या एका म्हाताऱ्या पाद्र्यानं. मरियेचं लुगडं निळं का, त्याचा शिष्य पेत्र, त्याच्या हातात किल्ल्या का, मध्येच कोकरू का बसलंय, त्यातून धर्माची कुठली शिकवण घ्यायची, ते सगळं त्यानं साध्या मराठीत सांगितलंय.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म. अक्षरं खरखरीत कागदावर छापली. चित्रं गुळगुळीत कागदावर निराळी छापून एकेक हातानं चिकटवली. चिकटवणाऱ्या बाईच्या बोटांची खळ अजून माझ्या दोन पानांवर आहे. माझ्यावर नाव पाद्र्याचं आलं, त्या बाईचं कुठंच नाही. असो.

जन्मल्यापासून माझ्या पोटात भांडण. अक्षरांना वाटतं आपण मालक, आणि चित्रं म्हणजे आपण ठेवून घेतलेली माणसं. चित्रांना वाटतं, ही अक्षरं नसती तर आमचं काय अडलं होतं? हे भांडण माझ्याहून खूप जुनं आहे. माझ्या पहिल्याच धड्यात ते दिलंय. देवाची मूर्ती करू नका अशी मोशेला आज्ञा होती, म्हणून एके काळी ख्रिस्ती लोकांनीच देवळातली चित्रं फोडली, जाळली. दुसरे म्हणाले, अहो, देवानं माणसाचं अंग घेतलं. तो जेवला, दमला, रडला. ज्याला लोकांनी डोळ्यांनी बघितलं त्याचं चित्र काढलं तर बिघडलं कुठं? शेवटी दुसऱ्यांचं चाललं. ज्याला वाचता येत नाही त्यानं भिंतीवरचं चित्र वाचावं असंही ठरलं. पण चित्राच्या शेजारी अर्थ सांगणारा एक माणूस उभा करून ठेवला तो ठेवलाच. माझ्यात तो डाव्या पानावर उभा आहे.

पहिली मी गेले सेमिनरीत, म्हणजे पाद्री व्हायचं शिकतात तिथं. पोरं परीक्षेपुरतं डावं पान वाचायची, पेन्सिलनं रेघा मारायची. सर वर्गाबाहेर गेले की उजवं पान बघायची. एकानं देवदूताला मिशी काढली. ती खोडली तरी दिसते, आणि देवदूताला शोभतेही.

मग मी काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नाही. पुस्तक जपायचं म्हणजे कुणाला हात लावू द्यायचा नाही, ही माणसांची एक खोड आहे. माझ्या शेजारची दोन पुस्तकं उघडल्यावाचूनच कसर लागून मेली.

नवीन पुस्तकं आली तेव्हा आम्हाला पोत्यात भरलं. एका तरुण पाद्र्यानं पोत्यातून मला उचललं आणि पालघरला नेलं. वर्षभर मी त्याच्याबरोबर पालघरजवळच्या माहीमला समुद्राकाठी होते. खाऱ्या हवेनं पुठ्ठा फुगला, आणि शेजारच्या अंगणातल्या सुक्या बोंबलांचा वास पानांत शिरला. तो अजून गेलेला नाही. त्याची बदली झाली तेव्हा त्यानं मला बोईसरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. तिथं एका सिस्टरला पुडी बांधायला कागद मिळेना, तिनं माझं नावाचं पान फाडलं. पुडीत खोकल्याच्या गोळ्या होत्या. मला राग नाही. त्या पानाचा तेवढा तरी उपयोग झाला.

आता भागीची गोष्ट. तिच्यासाठीच मी तोंड उघडलंय.

चिल्हार फाट्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी वारल्यांचा एक पाडा आहे. पाड्यातली पंधरा-वीस घरं ख्रिस्ती आहेत. भात पावसावर पिकवायचा, पाऊस संपला की गवत कापायचं, भारे डोक्यावरून सडकेपर्यंत आणायचे. तरुण पोरं-पोरी तारापूरच्या कंपन्यांत जातात. देऊळ पत्र्याचं होतं, ते गेल्या वर्षी लोकांनी अंगमेहनतीनं विटांचं केलं. फादर ऑल्विन तिथले पाद्री, वसईचे, वयानं फार नाहीत, बोलायला गोड आणि निर्णय घ्यायला हळू. दवाखान्याचं कपाट आवरताना मी त्यांच्या हाती लागले.

देवळात वेदीच्या मागची भिंत कोरी होती. तिच्यावर काय असावं यावरून वाद.

देवळाच्या कमिटीचा मुख्य अंकुश. त्याच पाड्यातला, कंपनीत सुपरवायझर. त्यानं सांगून टाकलं, “फादर, या पोथीतला येशू मोबाईलमधी फोटो काढून बोईसरला फ्लेक्स बनवू. भिंतभर. एकदम फर्स्ट क्लास.”

फादरनी मला रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, ओट्यावर उघडून ठेवलं, सगळ्यांनी बघावं म्हणून. बायका जमल्या. भागी मागं उभी होती. सगळ्या पांगल्यावर ती माझ्यापुढं उकिडवी बसली आणि पदराला हात पुसून तिनं पान उलटलं.

मला पुष्कळ हातांनी उलटलंय. पण असं कुणी बघितलं नव्हतं. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर ओळखीचं होतं, पण डाव्या पानाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. चित्रावर बोट टेकवायची नाही, वरच्यावर हवेत फिरवायची. रेघ कुठून सुरू झाली, कुठं वळली, ते बोटानं शोधत होती.

तिची मुलगी तेजल कुंभवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. तोंडानं फटकळ. ती फादरना म्हणाली, “फ्लेक्स कशाला? आईला द्या ना भिंत. पाड्यातल्या अर्ध्या बायकांना चौक काढायला तिनीच शिकवलंय.”

चौक म्हणजे वारल्यांच्या लग्नातलं चित्र. लग्नघरात गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढतात. त्याशिवाय लग्न लागत नाही. इतर वारली चौकाच्या मध्ये देवी काढतात, या पाड्यातले ख्रिस्ती क्रूस काढतात. बाकी सगळं तेच. आणि नियमही तोच : चौक काढायचा तो सवाशिणीनं. नवरा गेलेल्या बाईनं पिठात बोट घालायचं नाही.

भागीचा नवरा रामू काविळीनं गेला त्याला सहा पावसाळे झाले. तेव्हापासून तिनं चौक काढायची काडी धरली नव्हती. शिकवलेल्या पोरी चुकीचं काढत, आणि ही दाराबाहेर उभी राहून बघे. आत जाऊन दाखवायचीही सोय नाही. आता वैशाखात तेजलचं लग्न ठरलं होतं. पोटच्या पोरीचा चौक दुसऱ्या बायका येऊन काढणार, आणि आई ओट्यावर तांदूळ निवडत बसणार. हे भागी कुणाजवळ बोलत नव्हती. तेजल बोलली.

भागीची सासू बायडी तिथंच होती. ती उसळली. “भिंत बिंत काय नाय! माझा रामू गेला, ती बाई आता पीठ काढनार? देवळात? पाड्याला काय घोर लागंल, कोन निस्तरनार?”

फादर म्हणाले, “आजी, आपल्या धर्मात असा नियम नाही.”

“तुमचा नियम तुमच्या बुकात, फादर. पीठ आमचं हाय.”

अंकुशही म्हणाला, “बघा. आनि तसंही आमाला लोक मागासलेले बोलतात. येवढं नवीन देऊळ बांधलं, त्यात बी काड्यांची मानसं? तोंड नाय, डोळं नाय.”

अंकुशला मी वाईट म्हणणार नाही. कंपनीत ‘ए वारली’ म्हणून हाक मारलेली ज्याला ऐकावी लागते, त्याला भिंतीवर सोनेरी केसांचा येशू हवासा वाटणारच. पण तोंडाचं म्हणाल तर माझ्यातल्या इटलीवाल्यानं इटलीचं तोंड काढलंय, जर्मनीवाल्यानं जर्मनीचं. खरं तोंड एकानंही पाहिलेलं नाही.

बराच वेळ वाद झाला. भागी एवढंच बोलली, “आये, पिठानं नाय काढत. चुन्यानं काढते. चुन्यात डिंक घालते.”

बायडी थांबली. चुन्याला नियम नव्हता. “चुन्यानं काढ,” ती म्हणाली. “पन मी रोज येऊन बसनार. पिठाची वाटी दिसली तर हात तोडीन.”

“बरं.”

“आनि तेजलच्या चौकाला हात लावायचा नाय. हे देवळाचं, ते घरचं. मागनं रडत येऊ नको.”

“नाय येत.”

असं ठरलं. मला बाकावर, भिंतीला टेकवून ठेवलं, आणि पावसात धुपलेल्या डोंगराच्या रंगाची गेरूची भिंत माझ्यासमोर. बायडी दाराशी तंबाखू चोळत बसायची. भागी चित्र बघायची, भिंतीकडे वळायची, काढायची. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस. तिनं गोठ्यातला जन्म काढला, मासे धरणारी होडी काढली, शेवटचं जेवण, क्रूस, आणि रिकामी कबर बघायला आलेल्या बायका. काम चालू असताना ती वेगळीच बाई असे. खांदे सैल, ओठांत गाणं. बायडी ते गाणं ऐकून न ऐकल्यासारखं करी.

मी बघत होते, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की काहीतरी गडबड होतेय.

माझ्यातल्या चित्रांत पवित्र माणसांच्या डोक्यामागं सोनेरी कडं असतं. प्रभावळ. डाव्या पानावर स्वच्छ लिहिलंय की हा स्वर्गातला उजेड आहे, देवाच्या जवळ राहिल्यानं माणसाच्या अंगावर पडलेला. पण भागी डावं पान बघतच नव्हती. तिनं ते गोल कडं बघितलं आणि तिला ते पहिल्या नजरेत ओळखीचं वाटलं. डोक्यावर ओझं घ्यायचं तर खाली कापडाची गोल वळी ठेवतात, चुंबळ, तीच ही. तिला वाटलं, देवाच्या सगळ्या माणसांच्या डोक्यावर चुंबळ आहे, म्हणजे ही सगळी ओझं वाहणारी. देवाची म्हणून चुंबळ सोन्याची. आता चुंबळ आहे तर ओझं कुठं गेलं? त्याचाही तिनं निकाल लावला. तेजलला म्हणाली, “काढनारे बाप्ये व्हते ना, ओझं काढायला इसरले.”

मग तिनं ते भरून काढलं. मरियेच्या डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर हंडा. तिचा नवरा जोसेफ, त्याच्या डोक्यावर लाकडांची मोळी. पेत्राच्या डोक्यावर माशांची टोपली. आणि येशू, कुठंही असो, जेवायला बसलेला असो की क्रूसाकडे चाललेला, त्याच्या डोक्यावर गवताचा मोठा भारा.

माझ्या पोटातली अक्षरं खवळली. चित्रं गप्प होती. मला वाटतं, खूश होती.

शनिवारी दुपारी फादर आणि अंकुश बघायला आले. बिशप नव्या देवळाला आशीर्वाद द्यायला यायचे होते, त्याला आठच दिवस उरले होते. अंकुशनं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“वहिनी, ह्यो काय येडेपना? येशूच्या डोक्यावर गवताचा भारा? तो काय वाडा गावच्या गवतवाल्याकडं मजुरीला व्हता?”

“पोथीत हाय तसंच काढलंय,” भागी म्हणाली.

“पोथीत भारा हाय? दाखवा बरं!”

“चुंबळ हाय. भारा मी घातला.”

फादर आधी हसले. मग त्यांना कळलं की ही थट्टा करत नाहीये. त्यांनी मला उचललं, पान काढलं आणि डाव्या बाजूचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. हळू, प्रेमानं, एकेक शब्द. स्वर्गातला उजेड. देवाचं तेज. “ही चुंबळ नाही, भागीबाई. हा प्रकाश आहे.”

खोटं बोलणार नाही, चूक भागीचीच होती. ज्यांनी ती चित्रं काढली त्यांनी उजेडच काढला होता, आणि माझ्या पाद्र्यानं लिहिलं ते बरोबर लिहिलं होतं.

भागीचं तोंड उतरलं. सहा वर्षांनी काडी धरली आणि देवाच्या घरात सगळ्यांदेखत चुकली.  तिनं बादलीतलं फडकं पिळलं आणि भिंतीकडे गेली. चुना अजून कच्चा होता. तिनं पहिल्यांदा जोसेफच्या डोक्यावरची मोळी पुसली. फडक्याबरोबर गेरू ओघळला, तिथं तांबडा डाग राहिला. मग ती मरियेकडे वळली. अंकुश बाजूला बघत होता, त्यालाही बरं वाटत नव्हतं. फादर मला हातात धरून नुसते उभे.

“काय पुसतंस?” दारातून बायडीचा आवाज आला.

“चुकलं, आये. ती चुंबळ नाय. उजेड हाय.”

“कोन बोल्लं?”

“पोथीत लिवलंय.”

बायडी गुडघ्यावर हात देऊन उठली. रोज येऊन बसत होती, पण भिंतीजवळ एकदाही आली नव्हती. आता आली. मरियेचं चित्र तिच्या तोंडासमोरच होतं. पोट गोल काढलं होतं, डोक्यावर हंडा, पाय चालते.

बायडीची नजर हंड्याखालच्या चुंबळीवर थांबली. मग भागीला नाही, फादरनाही नाही, भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलली, “रामूच्या वक्ताला मी भारा घेऊन सडकंला चाललेली. पोट दुखाया लागलं. भारा टाकला तर त्या दिसाची मजुरी जाती, म्हनून टाकला नाय, चालत ऱ्हायली. मग नाय चालवलं. सागाखाली बसली. कोनीसुदीक नव्हतं. पोर झाला. भुईवर खडं व्हतं, तर डोक्याची चुंबळ काढली, तिच्यावर त्याचं डोकं ठेवलं. नागडा पोर, अन डोक्याखाली चुंबळ.”

भागीच्या हातातल्या फडक्यातून तांबडं पाणी ठिबकत होतं.

“लय गोरा दिसला त्या टायमाला,” ती म्हणाली. “मागनं काळा झाला.”

फादरच्या हातात मी उघडीच होते. डाव्या पानावर उजेडाचा धडा, उजव्या पानावर गव्हाणीतलं बाळ, डोक्यामागं गोल कडं. फादरनी पान बघितलं, भिंत बघितली.  त्यांनी मला मिटलं आणि बाकावर ठेवलं.

“राहू द्या,” ते म्हणाले.

“फादर, बिशप काय बोलतील?” अंकुश कळवळून म्हणाला.

“बोलतील ते मी ऐकून घेईन, अंकुश. तुमचा फ्लेक्स आपण फाटकाला लावू.”

भागी जोसेफची मोळी परत काढायला काडी बुडवू लागली. बायडीनं तिचा हात धरला. “ऱ्हाऊं दे ना तो पुसलेला. बाप्याच्या डोक्यावर कधी ओझं बघितलंस?”

अंकुशला हसू आवरलं नाही. मग सगळेच हसले. जोसेफच्या डोक्यावर आजही फक्त तांबडा डाग आहे. बिशप आले, बराच वेळ भिंतीपुढं उभे राहिले आणि त्या डागाबद्दलच तेवढं विचारून गेले. फ्लेक्सवरचा येशू उन्हानं दोन महिन्यांत निळा पडला. तरी अंकुश येता-जाता त्याला हात जोडतो. श्रद्धेला कागद चांगला लागतो असं थोडंच आहे?

काम झाल्यावर फादरनी मला भागीच्या घरी दिलं. “तुमच्याकडेच राहू दे,” म्हणाले. तिनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. म्हणून वैशाखात पुढं जे झालं ते मला फळीवरून दिसलं.

सासू भिंतीपुढं विरघळली म्हणजे नियमही विरघळला असं समजू नका. बायडीनं देवळातल्या त्या दुपारचा विषय पुन्हा काढला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारच्या पाड्यातून सवाशिणी बोलावल्या त्या बोलावल्याच. भिंत सारवली होती. पीठ वाटीत तयार. भागी बोलल्याप्रमाणे ओट्यावर तांदूळ निवडत बसली. पाठ दाराकडे केली होती, आत बघायचं नाही म्हणून. तेजल हळद लागलेल्या अंगानं कोपऱ्यात, तिचे डोळे भरलेले, पण आजीपुढं बोलायची तिचीही छाती नव्हती.

सवाशिणींतली पुष्पलता पुढं झाली. बायडीनं तिच्या हातातली काडी काढून घेतली. “माझ्या नातीचा चौक हाय. मी काढनार.”

“काढा की, आजी. तुमचा मान.”

बायडीनं काडी पिठात बुडवून भिंतीला लावली. रेघ नागासारखी वळवळत गेली.  पुष्पलता म्हणाली, “आजी, मी हात धरू?”

“तू नको. तुझी रेघ माझ्याहून वाकडी.” बायडीनं दाराकडे तोंड केलं. “भागे! इकडं ये. माझा हात धर.”

ओट्यावरचं सूप वाजायचं थांबलं. भागी दारात आली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल घालेना.

“आये, मी बोल्लेली ना, नाय लावनार हात.”

“पिठाला लाव बोल्ली का मी? माझ्या हाताला लाव.”

सवाशिणी एकमेकींकडे बघू लागल्या. पुष्पलता चाचरत म्हणाली, “पन आजी, ती तर…”

“काय ती तर? काडी कोनाच्या हातात हाय? नीट बघ. माझ्या. मी सवाशीन हाय का नाय? बुधा मेलाय का? ऐक, बाहेर खोकतोय.”

बाहेर बायडीचा म्हातारा बुधा खरंच खोकत होता.

“आज्याला सांगा, चौक होईस्तोवर खोकत ऱ्हा,” कोपऱ्यातून तेजल म्हणाली, आणि रडता रडता सगळ्यांच्या आधी तीच हसली.

भागी आत आली. सासूच्या मागं गुडघ्यावर बसली. बायडीच्या मुठीत काडी, आणि त्या मुठीवर भागीची मूठ. पहिली रेघ दोघींची मिळून थोडी अडखळली. दुसरीपासून ती सरळ गेली. चौकट झाली, चौकटीत चौकट झाली, कडेनं नक्षी उतरली, झाडं उभी राहिली, नाचणारी माणसं हात धरून फिरू लागली. पीठ ओघळून बायडीच्या बोटांवरून भागीच्या बोटांवर येत होतं.  पुष्पलतानं गाणं धरलं.

मध्ये क्रूस काढायची वेळ आली तेव्हा मी बघितलं, बायडीचे डोळे मिटले होते. म्हातारी भागीच्या छातीला टेकून चक्क डुलकी घेत होती. काडी मात्र तिच्याच मुठीत होती, आणि हात चालत होता.

झालं. माझी गोष्ट एवढीच.

आता माझी पाठ सुटत आलीय. उंदरानं एक कोपरा नेलाय. घरात मला वाचणारं कुणी नाही. बघणाऱ्या मात्र येतात, लग्नसराई जवळ आली की हमखास. भागी मला खाली काढते, हात पुसून पान उलटते, आणि पोरींना रेघ दाखवते. ती अजूनही सोनेरी कड्याला चुंबळच म्हणते. उजेड आहे हे आता तिला माहीत आहे. फादर सांगून गेलेत. तरी चुंबळच म्हणते.

शेवटचं सांगते आणि मिटते. तुमच्या कपाटात माझ्यासारखी एखादी असेल तर कुलूप काढा तिचं. मळकट हातांना लावू दे हात. आणि कुणी चित्रापुढं बसलं असेल तर डावं पान लगेच वाचून दाखवू नका. आधी तिला विचारा, बाई, तुला काय दिसतंय?